मागे जाताना लागणारा दिवा : चेन्नईच्या मोटार-इतिहासातला एक छोटा स्विच

या पाठाची सुरुवात आपण एका बिघाडापासून करू. चेन्नईतली एखादी अरुंद गल्ली, संध्याकाळची वेळ. चालकाने क्लच दाबून रिव्हर्स गिअर टाकला. गाडी मागे सरकू लागली, पण मागचा पांढरा दिवा काही लागला नाही. चालकाला हे कळत नाही, कारण त्याचे तोंड पुढे आहे. कळले तर ते मागे उभ्या असलेल्या माणसालाच, आणि तेही गाडी अंगावर येऊ लागल्यावर.

हा बिघाड किरकोळ आहे. गॅरेजात नेल्यावर गिअरबॉक्सवर बसवलेला अंगठ्याएवढा स्विच बदलतात आणि गाडी घरी येते. मोटार-उद्योगाच्या इतिहासात अशा सुट्या भागांना जागा नसते. आपण कारखान्यांची स्थापना, परदेशी करार, परवाना धोरण, उत्पादनाचे आकडे वाचतो. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात याच सवयीवर बोट ठेवले आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांनी लिहिला जातो, तो वापर आणि देखभालीच्या अंगानेही लिहायला हवा, असे त्यांचे म्हणणे. भारतापुरते पाहिले तर डेव्हिड अरनॉल्ड यांनी 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (2013) या पुस्तकात शिलाई यंत्र, सायकल, टंकलेखन यंत्र आणि भातगिरणी या रोजच्या वस्तूंचा इतिहास लिहिला. आपण आज त्याहूनही लहान वस्तू हातात घेणार आहोत. प्रश्न एवढाच आहे : हा स्विच बिघडला हे कोणाला कळत होते, तो कोण दुरुस्त करत होता, आणि ते ज्ञान कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले?

स्विच करतो काय?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यंत्र समजून घेण्याचा कंटाळा येतो, पण त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

हाताने गिअर बदलायच्या गाडीत इंजिनाची गती दातेरी चाकांच्या जोड्यांमधून चाकांपर्यंत जाते. पुढे जाण्यासाठी दोन चाके एकमेकांत गुंतलेली असतात. मागे जायचे तर त्यांच्या मध्ये आणखी एक चाक सरकवून आणावे लागते, म्हणजे फिरण्याची दिशा उलटी होते. बऱ्याच गाड्यांत या चाकाचे दाते सरळ कापलेले असतात. म्हणूनच गाडी मागे जाताना एक विशिष्ट कण्हण्यासारखा आवाज येतो. जुने मेकॅनिक त्या आवाजावरून गिअरबॉक्सची प्रकृती सांगत.

गिअरचा दांडा रिव्हर्सकडे नेला की गिअरबॉक्सच्या आत एक सळई सरकते. तिच्या वाटेवर या स्विचची छोटी दट्ट्यासारखी खुंटी किंवा गोळी येते. सळईने ती आत ढकलली की स्विचमधले दोन धातूचे कॉन्टॅक्ट एकमेकांना टेकतात. फ्यूजमधून आलेला प्रवाह मागच्या दिव्यांपर्यंत जातो. गिअर काढला की आतली स्प्रिंग खुंटीला बाहेर ढकलते आणि दिवा विझतो. इग्निशन चालू असल्याशिवाय या वाटेत प्रवाह नसतो, म्हणून बंद गाडी रिव्हर्स गिअरमध्ये उभी करून ठेवली तरी बॅटरी उतरत नाही.

थोडे गणित करू. मागे जाण्याचा बल्ब साधारण 21 वॉटचा असतो. 12 व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. दोन बल्ब असतील तर साडेतीन अँपिअर. जुन्या रचनेत हा सगळा प्रवाह त्या दोन कॉन्टॅक्टमधून जाई. प्रत्येक वेळी गिअर काढताना तिथे बारीक ठिणगी पडे आणि धातूचा पृष्ठभाग काळवंडे. शहरात गाडी दिवसातून किती वेळा मागे घेतली जाते याचा विचार करा, म्हणजे हा भाग का झिजतो ते कळेल.

मद्रासची मोटार

मद्रास शहरात मोटार-उद्योग का रुजला याचे उत्तर 1840 पर्यंत मागे जाते. त्या वर्षी सुरू झालेली सिम्प्सन ही कंपनी आधी घोडागाड्या बांधत असे. सॅम्युअल जॉन ग्रीन यांनी तिथे 1903 मध्ये वाफेवर चालणारी मोटार तयार केली. ती भारतात बनलेली पहिली मोटार मानली जाते. घोडागाडी बांधणारे सुतार, लोहार आणि गादी-कातड्याचे कारागीर पुढे मोटारीच्या आणि बसच्या बॉडी बांधू लागले. माउंट रोड, म्हणजे आजचा अण्णा सालै, हा मोटारींच्या दुकानांचा रस्ता झाला.

सिम्प्सनची सूत्रे पुढे एस. अनंतरामकृष्णन यांच्याकडे आली आणि अमाल्गमेशन्स समूहातून पिस्टन, बॅटरी, डिझेल इंजिन असे उद्योग उभे राहिले. दुसरा प्रवाह मदुरैहून आला. टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांनी 1911 मध्ये तिथे सुरू केलेल्या बस-व्यवसायातून टीव्हीएस समूह वाढला. बस चालवणाऱ्याला सुट्या भागांची चिंता दुकानदाराहून जास्त असते, कारण एक बस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई जाते. या समूहाचा पुढचा कल सुटे भाग बनवण्याकडे झुकला, त्याचे हे एक कारण असावे असे मला वाटते.

1948 मध्ये रघुनंदन सरन यांनी अशोक मोटर्सची स्थापना केली. शहराच्या उत्तरेला एन्नोर येथे ऑस्टिन ए40 मोटारींची जोडणी सुरू झाली, आणि 1955 मध्ये हीच कंपनी अशोक लेलँड झाली. दक्षिणेला वंडलूरजवळ स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सचा कारखाना उभा राहिला. 1953 च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर केंद्र सरकारने धोरण ठरवले : ज्यांच्याकडे देशात भाग बनवण्याची योजना नाही, त्यांनी नुसती जोडणी करण्याचा धंदा आवरावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स तेव्हा भारतातून गेल्या. पुढची तीस वर्षे भारतीय ग्राहकापुढे मुख्यतः तीनच कारखान्यांच्या मोटारी होत्या : कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची हिंदुस्थान, मुंबईत कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. मद्रासच्या कारखान्यातून 1961 पासून स्टँडर्ड हेराल्ड निघू लागली.

दिव्याआधीचा माणूस

मागे जाण्याचा दिवा मोटारीबरोबर जन्मलेला नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या विल्स सेंट क्लेअर या महागड्या मोटारीवर तो 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला दिसतो. नंतर कित्येक वर्षे तो हौशीचा आणि जादा पैशांचा मामला होता. ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत तो दुकानातून आणून लावत आणि डॅशबोर्डवरच्या वेगळ्या बटणाने चालवत. बटण बंद करायला विसरले की पांढरा दिवा मागच्या गाडीच्या डोळ्यांवर जळत राही. म्हणून ब्रिटनच्या नियमांत अशी अट आली की दिवा गिअरबरोबर आपोआप लागत नसेल, तर तो चालू असल्याचे दाखवणारा सूचक दिवा चालकासमोर असला पाहिजे. गिअरबॉक्सवरच्या स्विचने ही अडचण मिटवली. चालकाने लक्षात ठेवण्याचे काम त्या सळईने आपल्याकडे घेतले.

भारतात मात्र हे काम ना बटणाने केले ना सळईने. ते माणसाने केले. ट्रकचा क्लीनर खाली उतरून मागे उभा राहतो, पत्र्यावर थाप मारतो आणि ओरडतो. मुंबई-पुण्याकडे 'येऊ द्या, येऊ द्या... बस्स' हे शब्द आपण लहानपणापासून ऐकलेले आहेत. चेन्नईत तेच काम 'वा, वा, वा' असे होते. 'वा' म्हणजे तमिळमध्ये 'ये'. शाबासकी मिळते आहे असे समजून मराठी माणसाने गोंधळून जाऊ नये. तमिळनाडूच्या बसमध्ये कंडक्टरच्या गळ्यात शिट्टी असते आणि बस मागे घेताना तिच्या लहानमोठ्या फुंकांवर चालक चाक वळवतो. हा मागे उभा असलेला माणूस गाडीच्या यंत्रणेचाच भाग होता. त्याची मजुरी कमी होती आणि धोका सर्वांत जास्त.

त्यामुळे दिवा नसला तरी भागत असे, आणि बिघडला तरी दुरुस्तीची घाई नसे. इतिहासात हे लक्षात घ्यावे लागते. एखादी वस्तू उशिरा रुजते तेव्हा लोक मागासलेले होते असे म्हणण्याआधी तिचे काम तोपर्यंत कोण करत होते ते शोधावे.

टंचाईचा काळ आणि 'नवी पेठ'

परवाना धोरणाच्या काळात मोटार मिळायला वर्षे लागत, आणि मिळालेली मोटार पंचवीस-तीस वर्षे चालवावी लागे. आयात भागांवर निर्बंध होते. देशी भाग हळूहळू बनू लागले. मद्रास सरकारने 1958 मध्ये गिंडी येथे आणि 1964 मध्ये अंबत्तूर येथे औद्योगिक वसाहती उभारल्या. एका मोठ्या कारखान्याभोवती लेथवर पितळ कातणारे, साचे बनवणारे, स्प्रिंग वळणारे शेकडो लहान कारखाने वाढावेत, ही त्यामागची कल्पना. अंबत्तूरशेजारच्या पाडी येथे ल्युकस-टीव्हीएसने 1961 पासून मोटारीची विद्युत उपकरणे बनवायला घेतली. स्टार्टर, डायनामो, डिस्ट्रिब्युटर यांसारखे महत्त्वाचे भाग अशा रीतीने देशातच मिळू लागले.

पण रिव्हर्सच्या स्विचसारखा किरकोळ भाग? तो मिळाला तर मिळाला. नाही मिळाला तर पुदुपेट्टै.

'पुदु' म्हणजे नवी आणि 'पेट्टै' म्हणजे पेठ. एग्मोरजवळ, कूवम नदीच्या काठी असलेल्या या 'नव्या पेठेत' मिळतो मात्र जुना माल. जुन्या गाड्या इथे हाताने सुट्या केल्या जातात. दरवाजे एका दुकानात, गिअरबॉक्स दुसऱ्यात, मीटर आणि स्विच तिसऱ्यात, अशी विभागणी. नवे भाग हवे असतील तर माउंट रोडलगतचा जनरल पॅटर्स रोड. या दोन ठिकाणांमधल्या अंतरात मद्रासच्या मेकॅनिकचा दिवस जाई.

चेन्नईत गॅरेजला बोलीत 'मेकॅनिक शेड' म्हणतात. तिथला कुशल कारागीर 'मेस्त्री'. हा शब्द तमिळ आणि मराठी दोन्हींत पोर्तुगिजांकडून आला आहे आणि दोन्हीकडे मान तोच आहे. त्याच्या हाताखाली पाना देणारा, डिझेलने भाग धुणारा मुलगा चेन्नईत 'पय्यन', आपल्याकडे 'पोऱ्या'. शिकण्याची रीतही एकच : वर्षभर नुसते धुणे-पुसणे, मग खोलणे, आणि बसवायला मिळायचे त्यानंतर कधीतरी. बालमजुरीचा हा भाग गोड करून सांगता येणार नाही. अनेक मेस्त्री ज्या वयात हे शिकले त्या वयात ते शाळेत असायला हवे होते.

पण ते शिकले काय? जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या गिअरबॉक्समध्ये हा स्विच कोणत्या खोलीवर बसवायचा हे त्याच्याखाली घातलेल्या फायबरच्या पातळ वॉशरांवरून ठरे. एक वॉशर कमी झाला तर खुंटी कायम दबलेली राही आणि दिवा पुढे जातानाही जळे. एक जास्त झाला तर सळई खुंटीपर्यंत पोहोचतच नसे. सळई झिजली की हिशेब पुन्हा बदले. पुस्तकात त्याची रीत दिलेली असे, पण तीस वर्षे चाललेल्या आणि दोनदा खोललेल्या गिअरबॉक्सला पुस्तकातले माप लागू पडेलच असे नाही. मेस्त्री स्विच बसवे, पोऱ्याला मागे उभे करी, गिअर टाकी, विचारी, 'लागला?' नाही म्हटले की एक वॉशर काढी. स्विच मेलाच असेल तर त्याचा दुमडलेला काठ उचकटून आतले कॉन्टॅक्ट बारीक पॉलिश पेपरने घासून पुन्हा काठ ठोकून बसवण्याचाही प्रयत्न होई. असा स्विच काही महिने चाले. आत तेल झिरपले की पुन्हा बंद.

या कामाला उगाच 'देशी प्रतिभा' म्हणून डोक्यावर घेण्याची गरज नाही. नवा भाग मिळत नव्हता म्हणून हे करावे लागत होते, आणि त्याची किंमत अधूनमधून रस्त्यावर कोणीतरी मोजत होते. तरी त्या मेस्त्रीला हा स्विच आतून कसा आहे हे ठाऊक होते, ही गोष्ट खरी.

स्विच बदलणे

आता आजचे काम पाहू. ते नीट पाहिले तर काय बदलले ते कळते.

सपाट जागी गाडी उभी करून हँडब्रेक ओढायचा, चाकांना अटकाव लावायचा. इंजिन बंद, इग्निशन चालू, गिअर रिव्हर्समध्ये. एकच दिवा लागत नसेल तर स्विचचा दोष नाही. बल्ब गेला असेल किंवा त्या बाजूची अर्थिंगची वायर सुटली असेल. दोन्ही दिवे मेले असतील तर आधी फ्यूज पाहायचा. फ्यूज ठीक असेल तर मग गिअरबॉक्सकडे वळायचे. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या आजच्या बहुतेक लहान मोटारींत गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी आडवा असतो. बॅटरी किंवा एअर फिल्टर बाजूला केले की बऱ्याच गाड्यांत स्विच वरूनच दिसतो. काहींत खालून जावे लागते, आणि तेव्हा नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. स्टँड लावल्याशिवाय शिरणारे मेकॅनिक सर्व शहरांत आहेत, आणि त्यांतले काही परत बाहेर आलेले नाहीत.

स्विचच्या वायरीचा कनेक्टर काढून, दोन वायरींची साधी रचना असलेल्या गाडीत, त्याची दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडायची. दिवे लागले तर वायरिंग आणि बल्ब निर्दोष, स्विच दोषी. मल्टिमीटर असेल तर स्विचच्या दोन पिनांमध्ये रोध मोजता येतो : न्यूट्रलमध्ये वाट तुटलेली, रिव्हर्समध्ये जवळजवळ शून्य ओहम. दोन्ही वेळा तुटलेलीच दाखवली तर निदान पक्के. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि ती न करता थेट स्विच बदलणे हा आजच्या दुरुस्तीतला नेहमीचा दोष आहे. गिऱ्हाईक नव्या स्विचचे पैसे देते, आणि आठवड्याने कळते की कनेक्टरमधली एक पिन गंजली होती.

चेन्नईत हे वारंवार घडावे अशीच हवा आहे. समुद्राची खारी दमट हवा तांब्याच्या वायरीवर हिरवी बुरशीसारखी पुटे चढवते. 1 डिसेंबर 2015 च्या अतिवृष्टीनंतर अड्यार नदीच्या काठच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या, शहराभोवतीचे मोटार-कारखाने काही दिवस बंद राहिले. पाण्यातून बाहेर काढलेल्या गाडीचे इंजिन सुरू झाले म्हणजे गाडी वाचली असे नव्हे. कनेक्टरमध्ये शिरलेला ओलावा आपले काम पुढे महिनोन्‌महिने करत राहतो.

स्विच काढण्याआधी भोवतीची धूळ-माती पुसून घ्यायची, नाहीतर ती भोकातून थेट गिअरबॉक्समध्ये पडते. गिअरबॉक्स गरम असेल तर थांबायचे. गाडीनुसार योग्य मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट लावून स्विच सोडवायचा. भोक तेलाच्या पातळीखाली असेल तर तेल वाहते, म्हणून खाली भांडे हवे. काही गिअरबॉक्समध्ये स्विचमागे सुटी खुंटी किंवा गोळी असते, ती घरंगळून गेली तर नवा स्विच बसवूनही दिवा लागत नाही. नवा स्विच नव्या वॉशरसह आधी हातानेच फिरवून बसवायचा. गिअरबॉक्सचे कवच ॲल्युमिनियमचे असते, वाकडा धरून पाना मारला की आटे जातात, आणि मग शे-दोनशे रुपयांच्या कामातून हजारोंचे काम निघते. शेवटी पुस्तकात दिलेल्या जोराने आवळायचा, कनेक्टर लावायचा, सांडले तेवढे तेल भरायचे आणि कोणाला तरी मागे उभे करून विचारायचे, 'लागला?'

एवढ्या सगळ्यात स्विच उघडण्याचा प्रसंग कुठेच आला नाही. तो प्लॅस्टिक आणि धातूत कायमचा बंद केलेला असतो. खोलीचा हिशेब कारखान्यातच झालेला असतो. वॉशर एकच, आणि तो तेल अडवण्यापुरता.

1996 नंतर

हा बदल कधी झाला याची एक तारीख देता येत नाही, पण चेन्नईत त्याचा काळ सांगता येतो. 1993 मध्ये प्रवासी मोटारींच्या उत्पादनावरची परवान्याची अट गेली. 1995 मध्ये फोर्ड महिंद्राच्या भागीदारीत परत आली आणि शहराच्या दक्षिणेला मरैमलै नगर येथे तिचा कारखाना उभा राहिला. 1996 मध्ये मद्रासचे अधिकृत नाव चेन्नई झाले. त्याच वर्षी ह्युंदाईची भारतीय कंपनी स्थापन झाली आणि 1998 मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळच्या कारखान्यातून सँट्रो बाहेर पडली. जुनी स्टँडर्ड तोपर्यंत संपलेली होती. 1985 मध्ये आणलेली तिची स्टँडर्ड 2000 ही महागडी मोटार चालली नाही आणि 1980 चे दशक सरता सरता तो कारखाना थंडावला.

नव्या कारखान्यांबरोबर सुटे भाग पुरवणाऱ्यांची नवी साखळी आली. मोठा कारखाना आता सुटा स्विच विकत घेऊन जुळवत बसत नाही. ठरलेल्या मापाचा, ठरलेल्या वेळा दाबून तपासलेला भाग ठरलेल्या तासाला दारात हवा असतो. यातून स्विच चांगला झाला यात शंका नाही. जुन्या स्विचपेक्षा तो अधिक टिकतो, आणि दिवा न लागता फिरणाऱ्या गाड्या कमी होणे हे मागून चालणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचे आहे.

पण त्याच काळात या स्विचवरचे ओझे वाढले. आधी त्याच्यावर फक्त दिवा अवलंबून होता. मग मालवाहू गाड्यांच्या मागे वाजणारी ती सुरावट आली. गल्लीत टेम्पो मागे येताना वाजणारी 'हॅपी बर्थडे'ची धून ऐकली नाही असा विद्यार्थी देशात विरळा. ती धूनही याच स्विचवरून जागी होते. नंतर सेन्सर आले, कॅमेरा आला. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. हाताने गिअर बदलायच्या कित्येक गाड्यांत 'आपण मागे जात आहोत' ही बातमी सेन्सरला आणि पडद्याला याच स्विचकडून मिळते. काही रचनांत त्यातून आता दिव्याचा प्रवाहही जात नाही, केवळ एक क्षीण संकेत संगणकाकडे जातो आणि दिवा लावायचा की नाही ते संगणक ठरवतो. अशा गाडीत वायरच्या तुकड्याने टोके जोडण्याची मेस्त्रीची चाचणी आधी वायरिंगचा नकाशा पाहूनच करावी लागते, आणि निदानासाठी स्कॅनर लागतो. स्कॅनर ज्याच्याकडे, निदान त्याच्याकडे.

आणि मागे उभा राहणारा माणूस? मोटारीच्या बाबतीत तो गेला. पडद्यावर मागचा रस्ता दिसतो म्हणून चालक मान वळवत नाही. स्विच बिघडला की त्या दिवशी पांढरा दिवा, सेन्सरची शिट्टी आणि कॅमेऱ्याचे चित्र तिन्ही एकदम जाऊ शकतात, आणि जाते ते सवय मोडलेल्या चालकाच्या हातून. जुन्या गाडीत दिवा गेला तर क्लीनर तरी होता. दाराबाहेर खेळणारे दोन-तीन वर्षांचे मूल आरशात दिसत नाही. आपल्याच अंगणात, घरच्याच गाडीखाली मूल सापडल्याची बातमी तुम्हीही कधीतरी वाचली असेल. म्हणून या भागाला मी किरकोळ म्हणालो तो शब्द फक्त त्याच्या किमतीपुरता घ्यावा.

साधने कुठे शोधावीत

ज्यांना या विषयावर प्रकल्प करायचा आहे त्यांच्यासाठी थोडे. कारखान्यांच्या इतिहासाची कागदपत्रे कंपन्यांकडे आणि सरकारी अहवालांत मिळतात, पण दुरुस्तीची मिळत नाहीत. त्यासाठी वर्कशॉप मॅन्युअल, सुट्या भागांच्या सूच्या, दुकानांची बिले आणि माणसांच्या मुलाखती यांवरच भिस्त ठेवावी लागते. भागांच्या सूच्या मुद्दाम वाचा. एकाच मॉडेलच्या दहा वर्षांच्या अंतराने छापलेल्या दोन सूच्या शेजारी ठेवल्या, तर पूर्वी खुंटी, स्प्रिंग, वॉशर आणि कवच यांना वेगवेगळे क्रमांक होते का, आणि पुढे सगळ्यांना मिळून एकच क्रमांक राहिला का, ते तपासता येईल. 'हा भाग सुटा विकला जाणार नाही' असे कारखान्याने ठरवले, तर ते अशा यादीतच उमटते.

मुलाखत घेताना मेस्त्रीला 'पूर्वी कसे होते' असे विचारू नका. तो 'पूर्वी चांगले होते' एवढेच सांगेल. त्याच्या हातात स्विच द्या. तो काय करतो ते पाहा : वास घेतो, खुंटी अंगठ्याने दाबून पाहतो, की थेट नव्या डब्याकडे हात नेतो. तमिळ येत नसेल तर दुभाष्या घ्या, पण यंत्राच्या भागांची नावे मूळ उच्चारांत लिहून घ्या. मेकॅनिकच्या तमिळमध्ये आणि आपल्याकडच्या मेकॅनिकच्या मराठीत इंग्रजी शब्दांची मोडतोड वेगवेगळी झालेली आहे, आणि कोणता शब्द कोणत्या गाडीबरोबर शहरात आला हे त्यातून सुचते.

हे काम करायला वेळ फार नाही. वाहने मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांचे नियम सप्टेंबर 2021 मध्ये आले, आणि जुन्या गाडीने तिथेच जावे अशी अपेक्षा आहे. प्रदूषणाच्या दृष्टीने ते योग्य आहे, पण हाताने गाडी सुटी करणाऱ्या बाजाराचा कच्चा माल त्यामुळे आटेल. विजेवरच्या मोटारीत तर मागे जाण्यासाठी वेगळे दातेरी चाकच नसते. मोटरच उलटी फिरते. सळई नाही, म्हणून खुंटीही नाही. मागे पांढरा दिवा मात्र तिथेही लागतो.

पुदुपेट्टैत जाल तेव्हा जुन्या गिअरबॉक्सच्या दुकानात थांबा. स्विच विकायचा शिल्लक असो वा नसो, तो ज्या भोकात बसत होता त्याच्या काठाला चिकटून राहिलेले फायबरचे वॉशर आहेत का ते पाहा, आणि असतील तर नखाने सुटे करून मोजा.